चितळाच्या कानातला गोचीड

लीला घाडी कपडे बदलायची ते कपड्यांच्या आतच. आधी नवीन गाऊन डोक्यातून घालायचा, मग आतून जुने उतरवायचे. काळाचौकीच्या चाळीत लग्न होऊन आली तेव्हापासूनची ही सवय. एक खोली, त्यात सासू-सासरे, नवरा, पुढे मुलगी. मोरीला पडदा होता, पण तो गुडघ्यांच्या खाली पोचायचा नाही. सासू वारली, जुई कॉलेजात जायला लागली, दीपकने पोटमाळा घालून घेतला, तरी लीलाची सवय सुटली नाही. स्वतःच्या अंगाकडे नीट पाहिल्यालाही तिला कैक वर्षं झाली असतील.

ती परळच्या एका प्रयोगशाळेत कामाला होती. त्याआधी दादरला एका खाजगी पॅथॉलॉजीत रक्त काढायची. इथे आली तेव्हा तिला वाटलं होतं, इथेही रक्त-लघवीच असणार. पण मिळाले गोचीड. गाईम्हशींचे, कुत्र्यांचे, आणि गेल्या दोन वर्षांपासून हरणांचे. जंगलातल्या हरणांच्या अंगावरच्या गोचिडांत कुठले जिवाणू असतात, माणसाला आजारी पाडणारे त्यात कोणते, याचा शोध चालला होता. बाहेरून गोचीड स्पिरिटच्या नळ्यांत यायचे. लीला ते धुवायची, सूक्ष्मदर्शकाखाली नर-मादी, पिल्लं अशी वाटणी करायची आणि पुढच्या तपासणीसाठी वाटून द्यायची. हात हलका होता तिचा. गोचिडाचा एक पाय तुटू द्यायची नाही.

चाळीत मात्र कुणी विचारलं तर ती "लॅबमध्ये आहे" एवढंच सांगायची. गोचिडांचं नाव काढलं की बायका तोंड वाकडं करायच्या. याउलट तिचे सासरे अप्पा. गिरणीत कापड विणायचे साचे चालवलेला माणूस, आता पंच्याहत्तरी ओलांडलेला, गुडघ्यांमुळे जिना न उतरणारा. ते गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमची सून हरणांच्या आजारावर शोध लावता." लीलाला ते ऐकून लाजल्यासारखं व्हायचं, पण आत कुठेतरी बरंही वाटायचं.

डिसेंबरात वनखात्याने काही चितळं एका जंगलातून दुसऱ्या जंगलात हलवायचं ठरवलं. हलवताना चितळांना सुई मारून गुंगी देतात, तेवढ्या वेळात अंगावरचे गोचीड काढून घ्यायची परवानगी प्रयोगशाळेला मिळाली. नेहमी जाणारा अमित तेव्हा गावी होता. या कामाच्या प्रमुख डॉक्टर मेघना कर्णिक लीलाला म्हणाल्या, "लीलाताई, तुम्ही येता का? तुमच्याइतक्या सफाईने कुणी काढणार नाही."

लीलाने जिवंत चितळ कधी पाहिलं नव्हतं. ती हो म्हणाली. पहाटे जीपमध्ये गारठा असेल म्हणून तिने अप्पांच्या खाटेवरची सोलापुरी चादर बरोबर घेतली. घरात तेवढी एकच जाड होती. अप्पाच म्हणाले, "व्हर गो. माका कायएक थंडी लागना नाय."

तो दिवस तिला फार आवडला. डोळ्यांवर फडकं बांधलेलं चितळ जमिनीवर आडवं असायचं, पोट भात्यासारखं वरखाली होत असायचं, आणि लीला गुडघे टेकून त्याच्या कानात चिमटा घालायची. कानाच्या आतल्या वळ्यांत गोचिडांची बारकी पिल्लं चिकटलेली असायची, तिळाएवढी. मांडीच्या सांध्यात मोठे फुगलेले. चितळाची कातडी गरम होती, तिला गवताचा आणि मातीचा वास होता. दुपारी सगळ्यांनी झाडाखाली डबे सोडले तेव्हा तिने चादर गवतावर अंथरली. डॉक्टर मेघनाही तिच्यावरच बसल्या.

निघण्याआधी एक नियम होता. बायकांसाठी एक छोटा तंबू लावलेला होता. त्यात जाऊन अंगावरचे सगळे कपडे काढायचे, दुसऱ्या बाईने पाठ, काखा, केसांची मुळं, जांघा बघायच्या, कपडे पिशवीत बंद करायचे, नवे घालायचे. जमिनीवर अंथरलेलं, गवताला लागलेलं जे काही असेल तेही त्याच पिशवीत. डॉक्टर मेघनांनी आधी स्वतःची तपासणी वनखात्याच्या एका बाईकडून करून घेतली. मग पडद्याबाहेरून म्हणाल्या, "लीलाताई, येऊ का मी?"

लीला तंबूत एकटी उभी होती. ओढणीसुद्धा काढलेली नव्हती. ज्यांना रोज मॅडम म्हणते त्या बाईसमोर असं उभं राहायचं, हा विचारच तिला सहन होईना. ती म्हणाली, "नको मॅडम, झालं माझं. मी बघितलं सगळं."

"नीट?"

"हो, नीट बघितलं."

तिने वरून वरून अंग झटकलं, ड्रेस बदलला आणि बाहेर आली. चादर जीपमध्ये होती. ती पिशवीत घालायची राहिली. खरं सांगायचं तर राहिली नव्हती, तिच्या लक्षात होतं. पण पिशवीत गेलेले कपडे आठवडाभर परत मिळत नसत, आणि अप्पांकडे दुसरी चादर नव्हती.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने ती गॅलरीच्या कठड्यावरून दोनदा झटकली आणि अप्पांच्या खाटेवर टाकली. अप्पांनी लगेच पायांवर ओढून घेतली आणि विचारलं, "हरणां बघलंस मां?" ती जेवणं होईपर्यंत चितळांबद्दल सांगत राहिली. इतकं ती त्या घरात एका वेळी कधी बोलली नव्हती.

आठवडा उलटला आणि अप्पांना ताप आला. डोकं ठणकत होतं, अंग मोडून आल्यासारखं झालं होतं. नाक्यावरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, हवा बदलली आहे म्हणाले. ताप उतरला नाही. डेंगीची तपासणी केली, ती नाही निघाली, पण प्लेटलेट कमी होत चालल्या होत्या. अप्पांनी खाणं सोडलं. दीपक वायरमनच्या कामावरून सुट्टी घेऊन आला आणि त्यांना मोठ्या इस्पितळात दाखल केलं.

दाखल केलं त्या दुपारी लीला त्यांच्या उशाशी बसली होती. अप्पांच्या मनगटांवर लालसर ठिपके होते. ते सकाळीही होते, तिला वाटलं घामोळं असेल. आता अप्पांनी पाण्यासाठी हात पुढे केला आणि तिला त्यांचा तळहात दिसला. तळहातावरही ठिपके होते. तिने हळूच पायावरचं पांघरूण सरकवलं. तळव्यांवर तसेच.

प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टर मेघना एक गोष्ट सांगत. ताप आला आणि तळहात-तळपायांवर ठिपके उठले, किंवा चावल्या जागी काळी खपली धरली, तर घरी बसायचं नाही, आधी मला कळवायचं. गोचिडाच्या तापाची ती खूण आहे. लीलाने हे इतक्या वेळा ऐकलं होतं की तिला तोंडपाठ होतं.

तेवढ्यात वॉर्डातला तरुण डॉक्टर आला. त्यानेही तळहात बघितले. मग लीलाकडे वळून विचारलं, "गावाला, शेतात, जंगलात कुठे गेले होते का महिन्याभरात?"

"नाही," लीला म्हणाली.

"घरात कुत्रा, मांजर? जनावरांशी संबंध?"

"नाही. ते कुठेच जात नाहीत. जिनासुद्धा उतरत नाहीत."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. डॉक्टरने मान हलवली आणि तो पुढच्या खाटेकडे गेला. तिला त्याच्यामागे जाऊन सांगता आलं असतं, चार पावलांवर तर होता. पण खाटेच्या दुसऱ्या बाजूला दीपक उभा होता. त्याच्यादेखत काय सांगायचं? की मी तंबूत नागवं व्हायला लाजले, मॅडमशी खोटं बोलले आणि ती चादर तुझ्या वडिलांच्या अंगावर घातली? तिने स्वतःला समजावलं, अजून नक्की कुठे आहे. चितळांचे ते गोचीड तपासून कुठे झालेत. साफ असतील. उद्या लॅबमध्ये विचारू आणि मग बघू.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. डॉक्टर मेघना मशीनपाशीच होत्या, खुशीत दिसत होत्या. म्हणाल्या, "लीलाताई, तुमच्या चितळांचे निकाल आले. बरेचसे गोचीड साफ आहेत. पण कानातल्या बारक्या पिल्लांच्या काही नळ्यांत रिकेट्सिया सापडलाय, ठिपक्यांचा ताप आणणारा जिवाणू. आपण जे शोधत होतो तेच."

"अरे वा," लीला म्हणाली.

आपण असं का म्हणालो हे तिला पुढे कधीच सांगता आलं नाही. शब्द तोंडातून निघून गेले. ती आपल्या जागेवर जाऊन बसली, नळ्या धुवायला घेतल्या. धुतलेल्या नळ्या पुन्हा धुतल्या. आजूबाजूला माणसं होती. ती जेवायला जातील, मग सांगू, असं ठरवलं. सगळे जेवायला गेले, तर डॉक्टर मेघनाही त्यांच्याबरोबर गेल्या. लीलाला त्यांना थांबवता आलं नाही. खरं तर त्या गेल्या म्हणून क्षणभर तिला सुटल्यासारखं वाटलं.

दुपारी जुईचा इस्पितळातून फोन आला. "आई, आजोबा मला ओळखत नाहीयेत. काहीतरी साच्यांचं बोलतायत. तू ये ना."

लीला उठली. डॉक्टर मेघना जेवून परत येत होत्या, त्यांना तिने कॉरिडॉरमध्ये गाठलं. तिथे दोन-तीन जण उभे होते, पण आता ते बघायची सोय नव्हती.

"मॅडम, माझ्या सासऱ्यांना तो ताप आहे. तळहातांवर ठिपके आहेत."

डॉक्टर मेघनांना आधी कळेना. "पण त्यांना कुठून?"

"माझ्याकडून. जंगलात जी चादर अंथरली होती ती त्यांची. मी पिशवीत घातली नाही. घरी नेली."

"आणि अंग? ते तर तपासलं होतंत ना तुम्ही?"

"नाही."

"तुम्ही मला हो म्हणालात, लीलाताई."

"हो म्हणाले."

डॉक्टर मेघनांनी फोन बाहेर काढला. "ठिपके कधी दिसले?"

"काल."

तिथेच उभं राहून त्यांनी इस्पितळातल्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला, औषधाचं नाव सांगितलं, निकाल येण्याची वाट बघू नका म्हणाल्या. मग लीलाला गाडीत घालून स्वतः तिच्याबरोबर गेल्या.

वॉर्डात तो तरुण डॉक्टर सलाईनमधून औषध सोडत होता. लीलाला बघून तो म्हणाला, "मी काल तुम्हाला हेच विचारलं होतं ना?" आवाज चढलेला नव्हता. पण दीपक शेजारीच होता. त्याने डॉक्टरकडे पाहिलं, मग बायकोकडे. "काल तर तू नाही म्हणालीस," तो म्हणाला. लीलाने त्याला तिथेच, अप्पांच्या पायाशी उभं राहून, सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि मग जुईला घेऊन बाहेर जाऊन बसला.

औषध लागू पडलं. दोन दिवसांत ताप उतरणीला लागला, अप्पा माणसं ओळखायला लागले, पेज मागून प्यायले. पण डाव्या पायाची शेवटची दोन बोटं काळी पडली होती. या तापात बारीक रक्तवाहिन्या बंद होतात, डॉक्टर म्हणाले. बोटं काढावी लागली.

लीलाने त्या तरुण डॉक्टरला एकटं गाठून विचारलं, "मी तुम्ही विचारलं तेव्हाच सांगितलं असतं, तर बोटं राहिली असती का?"

त्याने खोटा धीर दिला नाही. "राहिली असती, किंवा नसती. सांगता येत नाही," तो म्हणाला.

हे उत्तर तिला कुठल्याही शिव्यांपेक्षा जड गेलं. ठाम दोष लागला असता तर तो घेऊन ती कुठेतरी टेकली असती.

अप्पांना सगळं सांगायचं अजून बाकी होतं. घरी सोडायच्या आदल्या दिवशी वॉर्डात शांतता होती, तेव्हा ती त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसली. मान खाली घालून तिने जंगल, तंबू, चादर आणि तो "नाही", असं सगळं क्रमाने सांगितलं. अप्पा छताकडे बघत होते.

"म्हंजे तो गोचीड होतो," ते शेवटी म्हणाले.

"कोण?"

अप्पांनी भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाले, "तू इलंस तेच्या दुसऱ्या दिसाक माका मांडीत कायतरी गावला. जांघेत. माका वाटला ढेकूण. काडलंय नि टाकून दिलंय. मगे थंय काळी खपली धरली." त्यांनी पांघरूण कमरेपर्यंत ओढलं. "आता तां तुका कसां सांगूचां? सुनेक असल्या जाग्याचा कोण सांगता? दीपकाकय सांगूक नाय. घरात ढेकूण झाले म्हटल्यार तुका वायट वाटतला, ह्या एक होता."

लीलाला रडू आलं नाही. तिने ओढणीच्या टोकाने उगाच स्टूल पुसलं. त्या एका खोलीत इतकी वर्षं दोघं एकमेकांपासून अंग राखून वागले होते, आणि दोघांनाही ते चांगलं वागणं वाटत आलं होतं. त्या क्षणी दोघांपैकी कुणालाच दुसऱ्याकडे बघवेना.

प्रयोगशाळेत तिला बाहेरच्या कामावरून काढलं. डॉक्टर मेघनांनी वरच्यांना सगळं जसंच्या तसं कळवलं, पण नोकरी जाऊ दिली नाही. एकदा लीला त्यांच्या केबिनमध्ये माफी मागायला गेली, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमच्यावर पुन्हा विश्वास ठेवायचाय मला. पण लगेच नाही जमणार. वेळ लागेल." लीलाने ते मान्य केलं. सूक्ष्मदर्शकाखाली चितळांच्या गोचिडांची नळी आली की तिचा हात आता जड व्हायचा. तरी ती कुणावर ते काम ढकलत नसे.

दीपक बरेच दिवस कामापुरतंच बोलत होता. ताट वाढलं की जेवायचा, उठायचा. एकदा फक्त म्हणाला, "मी समोर होतो म्हणून बोलली नाहीस ना?" लीला हो म्हणाली. "मी काय मारलं असतं तुला?" तो उत्तरासाठी थांबला नाही.

खरी पंचाईत अप्पांनी केली. पायाला पट्टी बांधून ते पुन्हा गॅलरीत बसायला लागले, आणि कुणी विचारलं की सांगायचे, "डायबिटीस. बोटां काढूक लागली." डायबिटीस त्यांना कधीच नव्हता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लीला आत भाकऱ्या थापत होती. शेजारच्या कमलाबाई म्हणत होत्या, "तरी मी म्हणते, गोड फार खाता तुम्ही." अप्पा मुकाट्याने बोलणी खात होते. त्यानंतर कमलाबाईंनी सणाचं गोड पाठवायचं बंद केलं, बिनसाखरेची बिस्किटं आणून दिली. ज्याला त्याला गोडावरून अप्पांना चार शब्द सुनवायची सवय लागली. लीला रोज आतून ऐकायची. आपल्यासाठी म्हातारा माणूस रोज नवं खोटं बोलतोय आणि आपण दाराआड उभे आहोत, हे तिला बोटांपेक्षाही खुपायला लागलं.

एका रविवारी कमलाबाई पथ्यावर बोलत उभ्या होत्या, तेव्हा ती पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

"कमलाबाई, त्यांना डायबिटीस नाही. माझ्यामुळे झालंय ते. मी लॅबच्या कामाला जंगलात गेले होते, तिथून चादरीत हरणाचा गोचीड आणला. तो त्यांना चावला. आणि कळल्यावरही मी एक दिवस गप्प बसले."

कमलाबाई एक पाऊल मागे सरकल्या. ते पाऊल लीलाने पाहिलं. "मग ते आमच्याकडेपण येतील काय?" त्यांनी विचारलं.

लीलाने समजावलं. हा ताप माणसाकडून माणसाला लागत नाही. चादर त्याच आठवड्यात लॅबमध्ये नेऊन जाळून टाकली. खोली, गाद्या, खाटेच्या फटी सगळं औषध मारून तपासलं, पुन्हा काही मिळालं नाही. कमलाबाईंनी ऐकून घेतलं. पण संध्याकाळपर्यंत मजल्यावर सगळ्यांना कळलं होतं. घाडींच्या दोरीशेजारी कुणी कपडे वाळत घालेना. एका घराने आपल्या पोराला अप्पांकडे कॅरम खेळायला पाठवणं थांबवलं. जुईला जिन्यात कुणीतरी हसत हसत "गोचीड" म्हणालं. ती घरी येऊन आईला म्हणाली, "तू चाळीत सांगणार हे मला आधी सांगायचं होतंस, मी तयार तरी राहिले असते." लीला म्हणाली, "चुकलं माझं." ते खरं होतं.

अप्पा तर रागावलेच. "कशाक सांगलंस? डायबिटीसान माजा काय जात होता?"

"तुम्हाला रोज खोटं बोलावं लागत होतं."

"मी बोलत होतंय मां? तुका काय तरास?" ते खेकसले आणि तो दिवसभर तिच्याशी बोलले नाहीत.

मजल्यावरचं महिन्याभरात निवळलं. दोरीवर पुन्हा सगळ्यांचे कपडे आले, कमलाबाईंकडून गोडाची वाटी आली, जरा ओशाळलेली. लीलाला मात्र गॅलरीतून जाताना अजून मान वर करून चालता येत नसे, आणि ती तसा आवही आणत नसे.

पायाची जखम हळू भरत होती. पट्टी दीपक बदलायचा. एक दिवस त्याला कामावरून यायला उशीर होणार होता, पट्टी भिजली होती. लीला गरम पाण्याचं भांडं घेऊन खाटेशी बसली. अप्पांनी पाय पोटाशी ओढून घेतला.

"रवांदे. दीपक येतलो."

"अप्पा, द्या पाय."

त्यांनी थोडा वेळ तसाच धरून ठेवला, मग सोडला. लीलाने पट्टी उलगडली. तिने पहिल्यांदाच ती जागा उघडी पाहिली. नजर न वळवता तिने ती पुसली, कोरडी केली, मलम लावलं.

अप्पा खिडकीबाहेर बघत होते. तसंच बघत म्हणाले, "त्या हरणांका काय होना नाय? तो ताप?"

"नाही. त्यांच्या अंगावर शेकडो असतात. त्यांना काही होत नाही."

"कानात इतके चावतत, तरी?"

"तरी."

"बरां आसा," अप्पा म्हणाले, आणि दुसरा पायही सरळ करून पडून राहिले.